हजेरीपटांच्या पाठीत

३ नोव्हेंबर

प्रिय खारू,

तू खळ खाल्ली होतीस ती दुपार तुला आठवते का? तू चार वर्षांची असशील, मी अकरा. पुढच्या खोलीत आई पुस्तकांचे फर्मे, दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवत बसली होती. मी छापील कागद दुमडून तिच्या हाताशी देत होते आणि तू टेबलाखाली होतीस. बराच वेळ तुझा आवाज नाही म्हणून मी वाकून पाहिलं, तर तू खळीच्या डब्यात बोट घालून चाटत होतीस, अगदी मन लावून. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून आई खळीत मोरचूद घालायची, आणि मोरचूद म्हणजे विष हे आपल्याला अक्षरओळखीच्या आधीपासून पाठ होतं. मी किंचाळले. आईने सुई न टाकताच तुला उचललं, उलटं केलं, घशात बोट घातलं. तू तिच्या बोटाला चावलीस. मग तिने डबा उजेडात धरला. खळ पांढरी होती. मोरचूद घातलेली खळ निळसर दिसते. ही सकाळी शिजवलेली, नुसत्या पिठाची. आई जमिनीवरच बसली आणि हसायला लागली. तू ओकते आहेस, मी रडते आहे, आणि आई हसते आहे. "चव कशी होती गं?" तिने विचारलं. तू तोंड पुसत म्हणालीस, "मीठ नाही."

आई गेली, खारू. बावीस ऑक्टोबरला, सकाळी.

हे असं मध्येच लिहायचं नव्हतं. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर शिकवायच्या की वाईट बातमी पत्राच्या सुरुवातीलाच द्यावी आणि थोडक्यात द्यावी. मी पुढे तीस वर्षं मुलींना तेच शिकवलं. मला जमलं नाही. तीन कागद फाडून हा चौथा.

चौऱ्याऐंशी पूर्ण झाली होती. छातीत कफ झाला, कमी झाला, परत झाला. फार हाल झाले नाहीत. शेवटी सगळं अचानकच झालं, तुला कळवायला वेळ मिळाला नाही. पत्ताही नव्हता. आता तुझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीकडून मिळाला. तिलाही खात्री नाही, पण लिहून बघते.

काय सांगू तुला तिच्याबद्दल? सतरा वर्षांत तू जे पाहिलं नाहीस ते सांगावं म्हटलं तर सांगण्यासारखं फार थोडं आहे. एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत ती काम करत होती. डोळे आधीच गेले होते, पण बोटं शाबूत होती. कागदावरून अंगठा फिरवून सांगायची, "हा आडवा कापलाय, ओल लागली की फुगणार." पुठ्ठा आणून देणारा तिला घाबरायचा. एकदा म्हणाला, "मावशी, तुम्हाला दिसत नाही म्हणून बरंय, नाहीतर माझा धंदाच बसला असता."

बाबा गेले तेव्हा तू दीड वर्षाची. पुस्तकबांधणीच्या दुकानातली अर्धवट कामं कोण पुरी करणार म्हणून गिऱ्हाइकं दारात उभी होती, आणि आई, जिने तोवर बाबांना फक्त सुईत दोरा ओवून दिला होता, ती म्हणाली, "आठ दिवसांनी या." आठ दिवसांत तिने बाबांनी बांधलेली चार पुस्तकं उसवली आणि परत शिवली. शिकवायला कोणी नव्हतं. पुस्तकच तिने मास्तर केलं. आणि तिला वाचता येत नव्हतं. लोकांना हे कधी खरं वाटलं नसतं. आकडे तेवढे येत होते, पानांचे क्रम ती त्यावर लावायची. मुखपृष्ठावर काय लिहिलंय ते आपण दोघी सांगायचो आणि ती नीट ऐकून मान हलवायची, जसं काही पडताळून बघते आहे. सही ती चित्रासारखी काढायची. मधल्या अक्षराला एक पाय जास्त होता, तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

कॉन्व्हेंटचं ग्रंथालय बांधून द्यायचं आणि त्या बदल्यात आपण दोघींनी शिकायचं, हा सौदा तिने मोठ्या सिस्टरांशी कसा केला असेल कोण जाणे. त्यांचं प्रार्थनागीतांचं पुस्तक आठवतं? स्वरलिपीचं, पानांना आकडे नसलेलं. आईने एक फर्मा उलटा शिवला. आपण दोघी शाळेत होतो, विचारायला कोणी नव्हतं. ती स्वतः परत न्यायला गेली, तर मोठ्या सिस्टरांनी दिलं नाही. म्हणाल्या, "त्या पानांपाशी आलं की मला उठून पुस्तक फिरवावं लागतं. तेवढीच विश्रांती." तेव्हापासून आई त्यांचं नाव निघालं की पदर नीट करायची.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. ये असंही म्हणत नाही, आता येऊन काय. कळवणं माझं काम होतं.

ताई


२१ नोव्हेंबर

प्रिय खारू,

तुझं पत्र मिळालं. तू त्याच घरात आहेस हे पाकिटावर पाहिलं आणि जरा वेळ मी जिन्यातच उभी राहिले.

दोनच ओळी आहेत, पण अक्षर तेच आहे, पुढे वाकलेलं, धावणारं. सिस्टर तुझ्या बोटांवर फूटपट्टी मारायच्या तरी ते सरळ झालं नाही. "कळवलंस, बरं केलंस. एकच विचारते. मुलगी झाल्यावर मी आईला पत्र लिहिलं होतं. ते तू तिला वाचून दाखवलंस का?"

मुलगी आता सतरा वर्षांची असेल. तुझ्यासारखी बोलत असेल तर तुझं काही खरं नाही.

खारू, मी तुला त्या दिवसाबद्दल लिहावं असं कितीदा मनात आलं. तू सातव्या महिन्यात आली होतीस, एवढा प्रवास करून. तुला दवाखान्यातली नोकरी मिळाली होती, दोन खोल्यांचं घर मिळालं होतं, आणि तू आईला न्यायला आली होतीस. पुस्तकं दाबून ठेवायचा दाब विकून टाक, म्हणालीस. ते लोखंडी धूड. पस्तीस वर्षं त्याचा दांडा फिरवून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता आणि तुला ते बघवत नव्हतं. तू नर्स, तुला ते दिसणारच. मला रोज बघून दिसत नव्हतं.

मी म्हणाले, "तुला आई नकोय, मूल सांभाळायला बाई हवीय."

मी हे बोलले. तू बहुतेक विसरली नसशील, तरी मी लिहून ठेवते म्हणजे माझ्याकडूनही नोंद राहील. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. आईकडे वळून म्हणालीस, "तू सांग. तुला कुठे राहायचंय?" आणि आई खळ ढवळत राहिली. ती खरंच ढवळत राहिली, खारू, डब्यात खळ घट्ट झाली तरी. तू पिशवी उचललीस. जिन्याच्या वळणावर थोडी थांबलीस, कठड्याला हात लावून. मला वाटलं परत येशील. मग पावलं वाजत खाली गेली.

मला तेव्हा कशाची भीती होती ते आता साठी उलटल्यावर सांगायला लाज वाटते. माझं लग्न झालं नाही, मूल नाही. शाळेतून आले की पुढच्या खोलीत दिवा लागलेला असायचा आणि आई विचारायची, "आज कोण नव्हतं वर्गात?" तिला मुलींची नावं पाठ होती, कोणाला गोवर आला, कोणाची आई आजारी. तू तिला घेऊन गेली असतीस तर मी रोज संध्याकाळी कोणाला सांगितलं असतं?

पत्राचं तू विचारलंस. सतरा वर्षांपूर्वीचं टपाल. त्या वेळी इथला पोस्टमन पण बदलला होता. आई असती तर तिला विचारलं असतं. आठवून सांगते.

आईच्या वस्तू आवरायला घेतल्या आहेत. तुला काही हवं असेल तर कळव.

ताई


२ डिसेंबर

प्रिय खारू,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर आहे. "आठवून सांगते" असं लिहिणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

पत्र आलं होतं.

शनिवार होता, शाळा अर्धी. मी घरी येत होते आणि पोस्टमन खाली दारात भेटला. पाकीट मी जिन्यातच फोडलं. आईचं सगळं टपाल मीच फोडायचे, विजेचं बिल असो की काही, त्यात नवीन नव्हतं. पहिली ओळ वाचली: "प्रिय आई, ताई तुला हे वाचून दाखवेल अशी आशा आहे." बस, तिथेच थांबले. आशा आहे. म्हणजे मी दाखवणार नाही असं तुला वाटत होतं. पुढचं वाचलंच नाही. तुला ते लिहावंसं का वाटलं, हे मी तेव्हा एकदाही स्वतःला विचारलं नाही.

मी ते फाडलं नाही. जाळलं नाही. आईच्या रद्दीच्या टोपलीत, बाकीच्या कागदांखाली सरकवलं. मनात होतं, दोन दिवस. राग उतरला की काढीन आणि वाचून दाखवीन. आपल्या घरात लपवायला दुसरी जागा कुठे होती? कपाट आई आवरायची, गाद्या आई उचलायची. ती टोपली मात्र कायम भरलेली. गिऱ्हाइकांचे जुने कागद, चिठ्ठ्या, रद्द झालेले छापील ताव, आणि आई वरून लागेल तेवढं घ्यायची. तळ कधी दिसायचा नाही.

सोमवारी मी शाळेत असताना आमच्याच शाळेचा शिपाई घरी येऊन गेला. बाजारातून आणलेले हजेरीपट आठवड्यातच सुटले होते. चाळीस नवे हवेत, उद्या सकाळी हवेत. आई एकटी होती. तुला माहीत आहे ती कशी करायची: शिवलेल्या पाठीवर आधी जुन्या कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या, मग वरून कापड. पट्टीला कुठलाही कागद चालतो, फक्त चिवट हवा. आईने पट्टीने मापून कागद टरकावले आणि लावले. आतलं वाचण्याचा प्रश्नच नव्हता.

मी घरी आले तेव्हा चाळीसच्या चाळीस दाबाखाली होते. आई दमून भिंतीला टेकली होती आणि खूश होती. म्हणाली, "आज टोपली तळाला लागली बघ. पण पुरलं. त्यात एक कागद फार चांगला निघाला गं, जाडसर. कोणाचा होता कोण जाणे."

खळ वाळायला अख्खी रात्र लागते. तेव्हाच बोलले असते तर दाब उघडून, ओल्या पाठी सोडवून, पत्र पट्टी-पट्टीने परत मिळालं असतं. आईने स्वतः सोडवलं असतं, तिच्यापेक्षा ते कोणाला चांगलं जमलं असतं? माझ्याकडे पूर्ण संध्याकाळ होती. मी निबंधाच्या वह्या तपासल्या.

दुसऱ्या दिवशी ते हजेरीपट शाळेत आले आणि त्यातला एक माझ्या वर्गाला मिळाला. वर्गांना वाटून उरलेले कपाटात गेले, दरवर्षी त्यातले थोडे वापरात यायचे. रोज सकाळी तो उघडायचे, नावं पुकारायचे. "हजर, बाई." "हजर, बाई." डाव्या हाताचा अंगठा पाठीवर असायचा. मला सारखं वाटायचं की बोटाला काहीतरी लागतंय.

हजेरीपट पाच वर्षं जपून ठेवायचे, मग रद्दीत, असा शाळेचा नियम. पहिला बाहेर निघाला तेव्हा मी कारकुनाकडून मागून घेतला. घरी नेला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत कोमट पाण्यात भिजवून पाठ सोडवली. त्यात कुणाच्या तरी किराण्याची यादी निघाली. पुढचे दोन असेच. चौथ्यात तुझं अक्षर होतं. वीतभर लांबीची पट्टी, दोन ओळी, मागच्या बाजूला आणखी दोन. बॉलपेन होतं म्हणून टिकलं. मी ती वर्तमानपत्रात वाळवली आणि शब्दकोशात ठेवली.

मग दरवर्षी. कारकून म्हणायचा, "बाई, जुन्या हजेऱ्यांचं तुम्हाला काय वेड? गैरहजर मुली शोधताय की काय?" मी म्हणायचे, "हो, एक राहिलीय." तो हसायचा. मी निवृत्त झाल्यावरही त्याने माझ्यासाठी गठ्ठे बाजूला ठेवले. काही मात्र माझ्या आजारपणात रद्दीवाल्याकडे गेले, ते गेले.

माझ्याकडे अकरा पट्ट्या आहेत. तू किती लिहिलं होतंस ते तुलाच माहीत. माझ्या हिशेबाने अजून सात-आठ असाव्यात.

पाकिटाची पट्टी, तुझ्या पत्त्याची, मला दहा वर्षांपूर्वी सापडली. वर्गमैत्रीण वगैरे कोणी नाही. ते मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं होतं.

ताई


१३ डिसेंबर

प्रिय खारू,

तुझं पत्र काल आलं. मला वाटलं होतं शिव्या असतील. "म्हणजे आईला शेवटपर्यंत काहीच कळलं नाही?" एवढंच आहे.

कळलं. ते सगळं आता सांगते. हे शेवटचं आणि सगळ्यात वाईट आहे, तेव्हा बसून वाच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले की आता औषध बदलण्यात अर्थ नाही. मी घरी आले, शब्दकोश काढला. आई पुढच्या खोलीत खिडकीजवळ पडून होती, दाबाच्या शेजारी. तिने पलंग तिथेच घालायला लावला होता.

मी म्हटलं, "आई, तुला काहीतरी वाचून दाखवायचंय."

"बिल आलं?"

"नाही. खारूचं पत्र आहे."

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तेच ना?"

"तेच म्हणजे?"

"पोस्टमन म्हणाला होता. तेव्हाच, दुसऱ्या आठवड्यात. धाकट्या बाईंचं पत्र आलं, खुशाल आहेत ना. मी म्हटलं, हो, खुशाल आहे."

मी तिच्या पायापाशी बसले होते. विचारलं, "मग मला विचारलं का नाहीस? सतरा वर्षं?"

ती म्हणाली, "एक गेली होती. विचारलं असतं तर तू माझ्या तोंडाकडे बघू शकली असतीस? घरात राहूनही गेलीच असतीस. मग माझ्याकडे कोण?" आणि जरा थांबून, "तू सांगशील वाटत होतं. रोजच वाटायचं. वाच आता. हळू वाच."

मी वाचलं. पट्ट्या क्रमाने लावून ठेवल्या होत्या, मध्ये जागा सोडून. मुलगी झाली, सव्वासहा पौंड. डोक्यावर केस दाट. मग जागा. "मध्ये कागद नाहीये," मी म्हटलं.

"कोणी फाडला?"

मी तिला टोपलीचं सांगितलं. सगळं, जसं तुला लिहिलं तसं. तिने दोन्ही हात पांघरुणातून बाहेर काढले आणि बोटं एकमेकांवर घासत राहिली, कागद तपासल्यासारखी. मला वाटलं आता ती मला बाहेर जायला सांगेल. म्हणाली, "पुढे?"

पुढे तू लिहिलं आहेस, "तिचं नाव मी" आणि पट्टी तिथे संपते.

"काय ठेवलं?"

"माहीत नाही, आई."

तिने विचार केला. "माझं तर नसेल ठेवलं? वेडी आहे ती. एवढं जुनाट नाव. पोरीला शाळेत चिडवतील." आणि मग, अगदी हळू, "चिडवलं असेल का?" नंतरचे दोन दिवस ती सारखी त्याच्यावरच होती. कधी म्हणायची, छे, असं कशाला ठेवेल. कधी स्वतःचं नाव स्वतःच पुटपुटून बघायची, कसं वाटतं ते. मला हसू यायचं आणि मग यायचं नाही. तू मला नाव कळवलेलं नाहीस. विचारायचा मला हक्क नाही.

शेवटची पट्टी माझ्याकडे पूर्ण होती. "उत्तर लांब नको. नुसतं ये म्हण. मी हे घर सोडणार नाही." ती मी वाचली आणि आई म्हणाली, "कागद घे."

तिने सांगितलं, मी लिहिलं. एक पान झालं. सही तिने स्वतः काढली, पाटीवर कागद धरून. वीस मिनिटं लागली. अकरा ऑक्टोबर. पाकिटाला खळ लावून तिनेच दाबलं. मला म्हणाली, "आजच टाक."

खारू, मी ते टाकलं नाही.

टपालपेटीपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी परत गेले. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. मी तुझ्यासाठी काही बहाणा तयार करत नाही, खरंच सांगते: तू आली असतीस, पलंगाच्या त्या बाजूला बसली असतीस, आणि मी तुझं पत्र दडवलं होतं हे आईने तुझा हात धरून माझ्यादेखत तुला सांगितलं असतं. मला ते नको होतं. जरा दम धरू म्हटलं. उद्या.

"टाकलंस?" आईने विचारलं.

"टाकलं."

"किती दिवस लागतात?"

"चार-पाच."

पाचव्या दिवसापासून तिने सकाळी केस विंचरून घ्यायला सुरुवात केली. आतली खोली मोकळी करायला लावली, तुझी आणि तुझ्या मुलीची सोय म्हणून. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळायची. दूधवाला असायचा, नाहीतर वरच्या मजल्यावरची भाडेकरीण. त्या बाई दुपारी आईजवळ बसायच्या, त्यांना ती सांगायची, "माझी धाकटी यायचीय. दवाखान्यातली रजा मिळणं सोपं नसतं." तुझ्या उशिराचं कारणही तिनेच शोधून दिलं होतं.

बाविसाव्या तारखेला सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा ती दाराकडे तोंड करून होती. बोलावलं तर वळली नाही.

तेव्हा मी जे लिहिलं होतं की सगळं अचानक झालं, कळवायला वेळ मिळाला नाही, ते तू खोडून टाक. अकरा दिवस होते. तुझ्याकडून इथे यायला दोन लागतात.

क्षमा माग असं आपल्याला शाळेत शिकवलं होतं, गुडघ्यावर बसून, रांगेने. मी ती इथे मागत नाही, कारण मागितली की समोरच्याला काहीतरी करावं लागतं. तू काही करू नकोस. फक्त खालचं वाच. आईच्या वस्तूंचं ठरवायचं आहे आणि माझ्या एकटीच्या अक्कलहुशारीने ते व्हावं असं मला आता वाटत नाही. जे चुकीचं वाटेल ते खोड आणि कागद परत पाठव.

लोखंडी दाब कॉलेजच्या ग्रंथालयात बांधणीचं काम करणाऱ्या गृहस्थांना द्यावा. आई त्यांचा हात चांगला आहे म्हणायची, आणि ती तसं फार कमी लोकांबद्दल म्हणायची. उचलायला चार माणसं लागतील, ती त्यांनी आणावीत.

आईची लोकरी शाल वरच्या भाडेकरणीला. त्या तुझी वाट बघायला आईबरोबर बसल्या होत्या.

दाभणं, आरी, कातर, कागद दुमडायची हाडाची पट्टी, हे सगळं तुझ्या मुलीला. पट्टीला एका बाजूला खोलगट झिजलेलं आहे. तो आईचा अंगठा आहे. मुलीचा तिथे बसतो का ते बघ.

दोन्ही खोल्या आईच्या नावावर आहेत. तिने कधी काही लिहून ठेवलं नाही, तेव्हा अर्ध्या तुझ्या. मी तिथे राहू नये असं तुला वाटलं तर शाळेजवळ मला एक खोली मिळते आहे, बोलून ठेवलं आहे. हे मला सांगायला नको वाटलं तर वकिलांना कळव; त्यांचं कार्ड सोबत आहे.

शाळेच्या दप्तरखोलीतल्या बंद कपाटात त्या चाळिसांतले नऊ हजेरीपट अजून आहेत. कारकुनाला मी सांगितलं आहे की माझी बहीण आली तर तिच्याकडे द्यायचे, मला नाही. पाठ सोडवताना पाणी कोमट घे, गरम नको, आणि ओढू नकोस. आपोआप सुटते.

अकरा पट्ट्या या पत्राबरोबर आहेत. त्या तुझ्याच.

आणि बंद पाकीट. ते आईचं तुला आलेलं पत्र आहे. वरची तारीख खरी आहे. त्यात काय आहे ते मी इथे लिहिलं नाही, कारण ते तुला लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे, त्याला माझ्याकडे इलाज नाही. शेवटची ओळ माझ्याबद्दल आहे. ती आईने सांगितली म्हणून मी लिहिली. तू ती पाळलीच पाहिजेस असं नाही.

ताई